सरकारचे ४०० पौंड आणि तुमचा डायरेक्ट डेबिट

प्रश्न (नोव्हेंबर २०२२, रेडिंग, इंग्लंड): आमच्या गॅस-विजेचा डायरेक्ट डेबिट, म्हणजे बँकेतून आपोआप वळता होणारा हप्ता, सप्टेंबरपर्यंत महिना १४८ पौंड होता, तो ऑक्टोबरपासून २३५ झाला. हप्ता वळता झाल्यावर काही दिवसांनी सरकारच्या ४०० पौंडांच्या ऊर्जामदतीतले ६६ पौंड बँकेत परत येतात. पुरवठादाराकडे आमचे ३१० पौंड जमा दिसतात. ते काढून घेऊन डिसेंबरमधल्या पुण्याच्या तिकिटांना लावावेत, की डायरेक्ट डेबिटच बंद करून बिल येईल तसे भरावे? महिनाअखेरीस ओव्हरड्राफ्ट वापरावा लागतो. सरकारचे हे पैसे पुढे फेडावे लागतील, असेही ऐकले आहे. ते खरे आहे का?

उत्तर (नोव्हेंबर २०२२ मधले नियम व दर धरून): शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिचे उत्तर सोपे आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीर झालेली मूळ योजना २०० पौंडांची होती आणि ती रक्कम २०२३ पासून पाच वर्षे, दरवर्षी ४० पौंड याप्रमाणे बिलातून वसूल केली जाणार होती. २६ मे रोजी तत्कालीन अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी रक्कम दुप्पट करून परतफेडीची अट काढून टाकली. त्यामुळे हे ४०० पौंड तुमचेच आहेत. ऑक्टोबर व नोव्हेंबरमध्ये प्रत्येकी ६६ आणि डिसेंबर ते मार्च प्रत्येकी ६७ अशा सहा हप्त्यांत ते मिळतात. त्यासाठी कोठेही अर्ज करावा लागत नाही. बँकेचा तपशील मागणारा संदेश आला तर तो फसवणुकीचा समजावा.

आता मुख्य मुद्दा. डायरेक्ट डेबिटने पैसे भरणाऱ्या ग्राहकांना ही मदत देण्याच्या रीती कंपनीगणिक वेगळ्या आहेत. काही कंपन्या हप्ताच ६६ पौंडांनी कमी घेतात, तर काही पूर्ण हप्ता घेऊन नंतर तेवढी रक्कम बँकेत परत करतात. तुमची कंपनी दुसऱ्या प्रकारची आहे. हिशेबाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच, पण घरात त्यांचे परिणाम वेगळे होतात. परत आलेले ६६ पौंड चालू खात्यात मिसळतात आणि किराण्यात कधी खर्च होतात ते कळत नाही. दुसरीकडे २३५ वजा ६६ म्हणजे १६९, अर्थात जुन्या हप्त्यापेक्षा केवळ २१ पौंड जास्त, अशी मनाची समजूत होऊन बसते. मार्चनंतर मदत थांबेल तेव्हा ही समजूत महागात पडेल. म्हणून हप्ता योग्य आहे की नाही हे तपासताना मदतीची रक्कम पूर्णपणे बाजूला ठेवावी आणि फक्त वर्षभराचा वापर पाहावा.

तुम्ही पाठवलेल्या बिलानुसार तुमचा वार्षिक वापर २,६०० युनिट वीज आणि १०,००० युनिट गॅस आहे. ऑक्टोबर २०२२ पासूनच्या सरकारी दरहमीखाली (म्हणजे सरकारने युनिटच्या दरावर घातलेल्या मर्यादेखाली) डायरेक्ट डेबिटच्या ग्राहकांसाठी सरासरी दर विजेला ३४ पेन्स आणि गॅसला १०.३ पेन्स आहे. शिवाय स्टँडिंग चार्ज, म्हणजे महावितरणच्या बिलातल्या स्थिर आकारासारखी रक्कम, दोन्ही मिळून रोज सुमारे ७४ पेन्स आहे. यावरून विजेचे ८८४, गॅसचे १,०३० आणि स्टँडिंग चार्जचे २७० मिळून वर्षाला सुमारे २,१८४ पौंड, म्हणजे महिना १८२ पौंड होतात. (या दरहमीसोबत सांगितले जाणारे वर्षाला २,५०० पौंड ही बिलाची कमाल मर्यादा आहे, असा समज फार पसरला आहे. तो चुकीचा आहे. मर्यादा युनिटच्या दरावर आहे, २,५०० हे केवळ सरासरी घराचे उदाहरण आहे, आणि जास्त वापरणाऱ्याला जास्तच बिल येते.)

१७ नोव्हेंबर २०२२ च्या निवेदनात तेव्हाचे अर्थमंत्री जेरेमी हंट यांनी २,५०० चा हा सरासरी आकडा एप्रिल २०२३ पासून ३,००० वर जाईल असे सांगितले आहे. तुमचे दरही त्याच प्रमाणात, म्हणजे २० टक्क्यांनी वाढतील असे धरले तरी वार्षिक खर्च सुमारे २,६२१ पौंड आणि हप्ता २१८ पौंड होतो. म्हणजे एप्रिलमधल्या दरवाढीनंतरही पुरून उरेल एवढा २३५ चा हप्ता कंपनी आत्ताच घेत आहे. ग्राहकाची ताजी आणि उपलब्ध असलेली उत्तम माहिती पाहूनच हप्ता ठरवावा, असे ऑफजेम या ऊर्जा-नियामक संस्थेच्या पुरवठादारांसाठीच्या परवान्याच्या अटी सांगतात. तेव्हा दोन्ही मीटरचे आजचे रीडिंग देऊन हप्त्याचा हिशेब लेखी मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

तरीही ३१० पौंड काढून घेण्याचा सल्ला मी देणार नाही. ठरावीक हप्त्याच्या पद्धतीत उन्हाळ्यात शिल्लक साठते आणि हिवाळ्यात ती जळते. नोव्हेंबरमध्ये खात्यात पैसे दिसणे हे कंपनीने जास्त घेतल्याचे लक्षण नव्हे, तो वर्षातला उच्चांकच असतो. डिसेंबर ते मार्च या चार महिन्यांत वर्षाचा निम्मा खर्च होतो असे सावधपणे धरले, तर १,०९२ पौंड लागतील. हप्ता २०० केला तर चार महिन्यांचे ८०० आणि हातचे ३१० मिळून १,११० होतात, म्हणजे मार्चअखेर खाते जवळजवळ शून्यावर येते. हिवाळा संपताना ते तेथेच असायला हवे. ३१० आज काढले, तर त्याच हप्त्यावर मार्चअखेर सुमारे २९० पौंड बाकी राहील आणि एप्रिलमध्ये नव्या दरासोबत तीही वसूल होईल. शिल्लक मागणे हा तुमचा हक्क आहे आणि कंपनीला ती परत करावी लागते किंवा न करण्याचे सबळ कारण द्यावे लागते. पण तो हक्क वापरण्याची योग्य वेळ वसंत ऋतू आहे. पुण्याला तुम्ही तीन-चार आठवडे असाल तर गॅस थोडा वाचेल हे खरे, मात्र पाइप गोठू नयेत म्हणून हीटिंग पूर्ण बंद करता येणार नाही, तेव्हा त्या बचतीवर तिकिटे काढू नयेत. घर बंद असले तरी मदतीचा हप्ता मात्र मिळतो.

डायरेक्ट डेबिट बंद करण्याचा पर्याय मला सर्वांत कच्चा वाटतो. त्याने सरकारी मदत बुडत नाही, ती थेट ऊर्जाखात्यात जमा होते. परंतु बिल आल्यावर भरणाऱ्यांचे दर डायरेक्ट डेबिटच्या ग्राहकांपेक्षा जास्त असतात, आणि ज्या घरात महिनाअखेरीस ओव्हरड्राफ्ट लागतो तेथे फेब्रुवारीत एकदम येणारे तीन महिन्यांचे बिल झेपणे अवघड आहे. डेबिट रद्द करून बिल न भरण्याची जी मोहीम चालू आहे तिच्यामागचा संताप मी समजू शकतो, पण थकबाकीची नोंद क्रेडिट अहवालात जाते आणि पुढे घर घेताना मॉर्गेजच्या वेळी ती नडते. हप्त्याच्या रकमेत चूक असेल तर डायरेक्ट डेबिट गॅरंटीखाली बँकेकडून परतावा मागता येतो, हे संरक्षणही डेबिट रद्द केल्यावर पुढच्या भरण्यांना मिळत नाही.

तेव्हा हप्ता २०० पौंडांवर आणण्याची विनंती करा. त्यातून महिना ३५ पौंड सुटतील. तिकिटांसाठी वापरायचेच असतील तर हे पैसे वापरा. उरलेले चार मदतीचे हप्ते, म्हणजे २६८ पौंड, परत येतील त्याच दिवशी वेगळे काढावेत. ओव्हरड्राफ्टवर बहुतेक मोठ्या बँका ४० टक्क्यांच्या आसपास व्याज लावतात, आणि बचत खात्यात अडीच टक्के धरले तरी २६८ पौंडांवर वर्षाला जेमतेम सात पौंड सुटतील. म्हणून पहिला अग्रक्रम ओव्हरड्राफ्ट मिटवण्याला. तो मिटला तर उरलेली रक्कम एप्रिलनंतरच्या वाढीसाठी ठेवा: २०० आणि २१८ मधला फरक महिना १८ पौंडांचा आहे आणि २६८ पौंडांतून तो जवळजवळ १५ महिने भागेल. मदतीचे पैसे घरखर्चात गेले आणि १३३ पौंडांच्या (२०० वजा ६७) निव्वळ हप्त्याची सवय लागली, तर मात्र एप्रिलमध्ये तोच फरक ८५ पौंडांचा भासेल.

कंपनीने हप्ता कमी करण्यास नकार दिला तर लेखी तक्रार करा. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही, किंवा त्याआधीच कंपनीने अंतिम नकार कळवला, तर ऊर्जा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. तुमच्या वरच्या मजल्यावरचे भाडेकरू भाड्यातच गॅस-विजेचे पैसे तुम्हाला देतात, असे पत्रात ओझरते लिहिले आहे. ते जर याच मीटरवर असतील, तर १ नोव्हेंबरपासून लागू झालेल्या नियमांनुसार मदतीचा न्याय्य वाटा त्यांना देणे घरमालक म्हणून तुमच्यावर बंधनकारक आहे, आणि वरच्या हिशेबातून तो आधी वजा करावा लागेल.