घरभाड्याच्या फसवणुकीतले पैसे परत मिळतील का?

प्रश्न : मुलीला पुण्यात नोकरी लागल्यामुळे आम्ही इंटरनेटवरील जाहिरात पाहून हिंजवडीजवळचा एक फ्लॅट ठरवला. घरमालकाने आपण लष्करात अधिकारी असून आसामला बदली झाल्याचे सांगितले आणि ओळखपत्राचा फोटोही पाठवला. डिपॉझिट म्हणून आम्ही यूपीआयने तीन वेळा मिळून ६२ हजार रुपये पाठवले. तेव्हापासून त्याचा फोन बंद आहे. आज सहा दिवस झाले. बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. आता एक जण पाच हजार रुपये घेऊन रक्कम सोडवून देतो म्हणतो. काय करावे?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : सर्वप्रथम, त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. फसलेल्या माणसाला गाठून पुन्हा लुटणे हा याच धंद्याचा दुसरा भाग आहे.

बँकेचे म्हणणे अर्धेच खरे आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकाला मिळणारे संरक्षण हे त्याच्या संमतीविना झालेल्या व्यवहारांसाठी आहे. पिन तुम्ही स्वतः टाकला असल्याने भरपाईची सक्ती बँकेवर करता येणार नाही. परंतु तक्रार नोंदवून घेणे आणि ती पुढे पाठवणे तिला टाळता येत नाही. लेखी तक्रार द्या, पोच घ्या आणि ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

पैसे परत मिळण्याचा खरा मार्ग मात्र १९३० या हेल्पलाइनचा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलचा आहे. तेथे तक्रार नोंदली की रक्कम ज्या ज्या खात्यांत फिरली, त्या बँकांना सूचना जाते आणि जी रक्कम शिल्लक असेल ती गोठवली जाते. तिन्ही व्यवहारांचे बारा अंकी यूटीआर क्रमांक (प्रत्येक व्यवहाराची ओळख पटवणारा क्रमांक), वेळ आणि रक्कम स्वतंत्रपणे द्या, कारण तीन वेळचे पैसे तीन वेगळ्या खात्यांत गेलेले असू शकतात. अशी रक्कम बहुधा काही तासांत भाडोत्री, म्हणजे दुसऱ्यांकडून वापरायला घेतलेल्या, बँक खात्यांतून काढली जाते, म्हणून सहा दिवसांचा उशीर जड आहे, हे तुमच्यापासून लपवणे मला योग्य वाटत नाही. तरीही तक्रार आजच करा. दुसऱ्या कुणाच्या तक्रारीमुळे तेच खाते आधीच गोठलेले असणे शक्य आहे.

ही तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८(४) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ड यांखाली गुन्हा नोंदवण्याची लेखी मागणी नांदेडच्या पोलीस ठाण्यातच करा. फ्लॅट पुण्यात आहे म्हणून तुम्हाला परत पाठवता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठे घडला याचा विचार न करता माहिती नोंदवून घ्यावी लागते. रक्कम गोठली असल्याचे कळले, तर ती परत मिळावी म्हणून त्याच संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो आणि आदेश मिळाल्यावर बँक रक्कम सोडते.

चॅट, जाहिरात, फोन क्रमांक यांतले काहीही रागाच्या भरात पुसून टाकू नका. ओळखपत्राचा तो फोटो मात्र समाजमाध्यमांवर फिरवू नका. अशा प्रकरणांत तो अनेकदा एखाद्या निरपराध जवानाच्या कार्डाचा असतो. तो पोलिसांकडेच द्या.