आपला 'प' त्यांना 'ब' का वाटतो?

मी न्यू जर्सीत राहते. दुकानात 'पेअर' हे फळ मागितलं की समोरच्याला 'बेअर' ऐकू येतं. माझा उच्चार चुकतो का?

मराठीच्या हिशेबाने तुमचा 'प' चोख आहे. फरक आहे तो वेळेचा. ओठ उघडल्यावर स्वरतंतूंचा कंप किती वेळाने सुरू होतो, ही कानाची इथली मोठी खूण. मराठी 'प'मध्ये तो जवळजवळ लगेच सुरू होतो आणि 'ब'मध्ये ओठ उघडायच्या आधीच. इंग्रजीत मात्र शब्दाच्या सुरुवातीच्या 'ब'ला पुष्कळदा आधी कंप नसतोच, आणि 'प'ला ओठ उघडल्यावर साधारण 50-60 मिलिसेकंद नुसती हवा सुटते. त्यामुळे आपला 'प' नेमका त्यांच्या 'ब'च्या जागी जाऊन बसतो.

ओठांसमोर कागदाची अरुंद पट्टी धरा आणि आधी 'ताट', मग 'थाट' म्हणा. 'थ'ला पट्टी हलेल. तेवढीच हवा 'पेअर'च्या 'प'ला द्या, पण ओठ आधी पक्के मिटलेले हवेत, नाहीतर 'फेअर' होईल.

लिस्कर आणि अब्रॅमसन या अमेरिकी संशोधकांनी 1964 साली हीच वेळ 11 भाषांत मोजली. त्यांत मराठी होती, याचं मला फार अप्रूप आहे. बहुतेक ठिकाणी ही मोजपट्टी चालली, पण मराठी-हिंदीच्या 'भ'पाशी ती अडली. 'ब' आणि 'भ' दोन्हींत कंप आधीच सुरू असतो. 'भ' ओळखू येतो तो ओठ उघडल्यानंतरच्या श्वासमिश्रित आवाजामुळे. म्हणजे एका खुणेवर कानाचं भागत नाही.

'व्हिडिओ'त 'व्ह' आणि 'वॉटर'मध्ये 'व' असं का लिहितो?

'व्हिडिओ'च्या इंग्रजी उच्चारात खालचा ओठ दातांना लागतो आणि हवा घासत बाहेर येते. 'वॉटर'मध्ये ओठांचा नुसता चंबू होतो. आपल्या 'व'मध्ये घर्षण नसल्यासारखंच, म्हणून मराठी कानाने ती घासणारी हवा 'ह'च्या खात्यात जमा केली. हिंदीत सरळ 'वीडियो' लिहितात. माझ्या मते आपलं लेखन जास्त बारीक कानाचं आहे.

फोनवर आडनाव सांगताना 'स सशाचा, फ फणसाचा' असं का सांगावं लागतं?

जुन्या पद्धतीच्या फोनवरून साधारण 300 ते 3400 हर्ट्झपर्यंतचाच आवाज जातो. 'स'च्या सळसळीचा मोठा भाग 4000 हर्ट्झच्या वर असतो. तो कापला गेला की उरतो तो हलका फुसकारा, आणि हल्ली बरेच जण 'फ' तसाच उच्चारतात.

नात सात महिन्यांची आहे, शिकागोला असते. तिला 'त' आणि 'ट' वेगळे कळतील का?

आज कळत असण्याची दाट शक्यता आहे. कॅनडात वर्कर आणि टीस यांना 1984 साली आढळलं, की इंग्रजी घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' वेगळे ओळखता येतात. दहा ते बारा महिन्यांच्या बहुतेकांना येत नाहीत. कान बिघडत नाही, घरात ज्या खुणा कामी येतात त्यांवर तो लक्ष देऊ लागतो.

2003 साली अमेरिकेत नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर बसून माणूस बोलला तेव्हा ती तिच्यातले आवाज वेगळे ओळखू शकली, रेकॉर्डिंगमधून मात्र नाही. म्हणून बडबडगीतं लावून ठेवण्यावर विसंबू नका. मुलाला-सुनेला सांगा, भरवताना, न्हाऊ घालताना तिच्याशी मराठीत बोला. 'ताट', 'टोपी', 'डोळे', 'केळं' हे सगळं तिला तुमच्या माणसांच्या तोंडून ऐकू दे.