लग्नाने मालकी बदलत नाही

पोरी,

तुझा मेसेज वाचला. बाई नवऱ्याच्या घरी नांदते, सोडचिठ्ठी तिला नको. पण बापाने बक्षीसपत्राने दिलेल्या दोन एकरांतला कापूस नवरा परस्पर विकतो आणि तिचं सोनं त्याने पतसंस्थेत गहाण टाकलंय. यावर तू विचारतेस, "लग्न टिकून असताना नवऱ्यावर दिवाणी दावा चालतो का? की ४९८-अ करायला सांगू?" राग आला. पण पिकल्या केसांचे वकीलही बार रूममध्ये हेच बोलतात, तेव्हा दोष तुझ्या एकटीचा नाही. आणि हो, बायकोच्या छळाचं जुनं ४९८-अ आता नाही, भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ आहे.

चालतो. लग्नाने मालकी बदलत नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसव. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात लग्न झालं की बायकोचं वेगळं कायदेशीर अस्तित्व संपायचं. अंगाला झालेल्या इजेच्या भरपाईसाठी नवराबायकोला एकमेकांवर दावा लावता यावा म्हणून तिथे १९६२ साली कायदा करावा लागला. आपल्याकडे ते लोढणं नव्हतंच. हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम १४ बाईला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालक ठरवतं. प्रतिभा राणी खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्ये सांगून टाकलं की स्त्रीधन नवऱ्याच्या घरात ठेवलं म्हणून सामाईक होत नाही. नवऱ्याकडे ते फक्त विश्वासाने ठेवलेलं असतं. त्यासाठी फौजदारी होते आणि दिवाणी दावाही होतो.

आता कोर्ट कोणतं? त्या तालुक्याला कौटुंबिक न्यायालयाची हद्द लागू असेल तर १९८४ च्या कायद्याच्या कलम ७ प्रमाणे नवराबायकोतल्या मालमत्तेचा दावा तिथेच जातो आणि आपल्या दिवाणी कोर्टाला अधिकार उरत नाही. तिथे वकिलाला हक्काने उभं राहता येत नाही, परवानगीचा अर्ज दे. हद्द लागू नसेल तर नेहमीचं दिवाणी कोर्ट, दाव्याच्या किमतीप्रमाणे, आणि जमिनीसाठी जमीन असेल तिथलंच. हे न पाहता दावा टाकलास तर वादपत्र परत हातात येतं आणि एक हंगाम जातो.

जमिनीचं नीट बघ, कारण घोळ इथेच होतो. बाईला विचार, निंदायला, वेचायला ती स्वतः जाते का? जात असेल तर कबजा तिचाच. मग कबजा मागायचा नाही, मनाई हुकूम मागायचा. कबजा मागितला की आपण बाहेर आहोत हे आपणच लिहून दिलं. नवऱ्याने तिला शेतात पाय ठेवू देणं बंद केलं असेल तर मात्र कबजा मागावाच लागतो आणि सोबत वासलातही, म्हणजे त्याने खाल्लेल्या उत्पन्नाची भरपाई. तेव्हा नुसतं "मालक ठरवून मिळावं" एवढंच मागून थांबलीस तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ३४ च्या परंतुकावर दावा पडेल. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा लिहायला विसरू नको. सातबाऱ्यावर विसंबूनही राहू नको, त्याने मालकी सिद्ध होत नाही. नोंदणीकृत बक्षीसपत्राची सही-शिक्क्याची नक्कल काढ.

नवरा कैफियतीत, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तरात, लिहील, "मी कूळ आहे, वाहतो मी." हे ठरलेलंच. विदर्भाचा १९५८ चा कूळकायदा वेगळा आहे, तो वाच. मालकाच्या कुटुंबातला माणूस जमीन वाहतो म्हणून कूळ मानला जात नाही. मात्र कुळाचा मुद्दा कोर्टाने काढला की तो तहसीलदाराकडे जातो आणि दावा इकडे लोंबकळतो. म्हणून तो मुद्दा निघण्याआधीच लग्नाचं नातं वादपत्रात ठळक लिही. ई-पीक पाहणी यंदापासून तिने स्वतःच्या मोबाइलवरून करावी. वासलातीसाठी काटापावत्या, एकरी उतारा आणि बाजार समितीचे त्या आठवड्याचे भाव जमव. खेडा खरेदीत, म्हणजे गावातच व्यापाऱ्याला, नगदीने गेलेल्या कापसाचा कागद मिळणार नाही, तेव्हा वेचणीला आलेल्या बायांपैकी दोघी साक्षीला लागतील.

सोन्याची यादी ग्रॅममध्ये कर. "दोन तोळ्यांचा गोफ" लिहिलंस की उलटतपासणीत पहिला प्रश्न येतो, तोळा दहा ग्रॅमचा की ११.६६ चा? पोत, गोफ, पाटल्या, प्रत्येक वस्तूपुढे कोणी दिली, कधी दिली, बिल आहे की लग्नातला फोटो, हे लिही. मागणी अशी कर: वस्तू परत द्याव्यात, न दिल्यास त्यांची किंमत. ठरलेली किंमत हुकूमनाम्यात नसेल तर दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याची वसुली करताना, हात चोळत बसावं लागतं. विश्वासाने ठेवलेल्या वस्तूची मुदत मागणी नाकारल्यापासून तीन वर्षं, म्हणून मागणीची नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठव आणि पोचपावती फाइलला लाव. पतसंस्थेलाही प्रतिवादी कर. पण सहकारी संस्थेवर दावा लावायचा तर सहकार कायद्याच्या कलम १६४ खाली निबंधकाला दोन महिने आधी नोटीस लागते. ती उद्याच टाक आणि सोनं नवऱ्याचं नाही असा लेखी आक्षेप संस्थेला दे.

नवराबायकोतलं बोलणं कोर्टात चालत नाही, असं तुला कोणीतरी सांगेल. नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १२८ मध्येच नवराबायकोतल्या दाव्याला सूट आहे. नवऱ्याचे मेसेज इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रासह दाखल कर.

पैशाचं कारण सांगू नको. महाराष्ट्र शासनाच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने वैवाहिक नात्यातून निघालेल्या मालमत्तेच्या वादात बाईला कोर्ट फी माफ आहे. तुझी फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समिती आहे, बाईला तिथे उत्पन्नाची अट नाही.

गावात लोक माझ्याबद्दल म्हणतात, "हा वकील नवराबायकोले कोर्टात उभं करते." म्हणू देत. दिवाणी दाव्यात तडजोड कोणत्याही तारखेला होते, हुकूमनामाही तडजोडीवर होतो आणि कौटुंबिक दाव्यात समेटाचा प्रयत्न करणं कोर्टाचंच काम आहे. फौजदारी केली की पोलिस पाटलापासून सगळे मध्ये पडतात, नवरा जामिनाच्या मागे लागतो आणि सोनं बाजूलाच राहतं. घर मोडतं ते दाव्याने नाही, माझं हे मत कोणी बदलू शकलेलं नाही. खंत एवढीच, की बाया येतात तेव्हा बहुतेक वेळा पाटल्या वितळून गेलेल्या असतात. मारहाण होत असेल तर मात्र फौजदारीला एक दिवसही थांबायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

हेच तत्त्व उलटंही चालतं, तेव्हा बाईची फाजील बाजू घेऊ नको. नवऱ्याने स्वतःच्या उघड उत्पन्नातून बायकोच्या नावे घेतलेली जमीन २०१६ च्या दुरुस्तीनंतर बेनामी ठरत नाही, तो तिच्यावर दावा लावू शकतो. आणि तिने संसारात घातलेला किराणा, पोरांची फी, हे परत मिळणार नाही, ते तिला आजच सांग.

वकीलपत्रावर सही घेण्याआधी तिचं आधार आणि सातबारा शेजारी ठेव. बापाने दिलेल्या जमिनीवर बहुतेक माहेरचंच नाव असतं आणि आधारवर नवऱ्याचं. वादीच्या नावात दोन्ही नावं लिही, लग्नाचा दाखला जोड, नाहीतर निशाणी ५ च्या, म्हणजे तात्पुरत्या मनाई अर्जाच्या, पहिल्याच तारखेला समोरचा वकील विचारेल, ही बाई कोण?