जर्मनीला जाताना मुंबईतल्या एफडीचं काय करायचं?

‘मुलुंडच्या बँकेत पाच वर्षांची एफडी आहे, सात टक्क्यांची. स्टुटगार्टला जाण्याआधी मोडू का? आणि सात टक्के म्हणजे हातात नक्की किती?’ तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

आपल्या बँका साधारणपणे दर तिमाहीला व्याज मुद्दलात मिळवतात. एक लाखावर पहिल्या तीन महिन्यांचे १,७५० रुपये, मग पुढचं व्याज १,०१,७५० वर. असं करत पाच वर्षांनी जवळपास १,४१,५०० होतात. सरळव्याजाने १,३५,००० वरच थांबले असते. व्याज दर महिन्याला हातात घेत असाल, तर चक्रवाढ विसरा.

मात्र पावतीवरच्या मॅच्युरिटीच्या आकड्यात टीडीएस, म्हणजे बँक व्याजातून आधीच कापते तो कर, धरलेला नसतो. तिकडे राहायला गेलात की फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे तुमचं बचत खातं आणि एफडी एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या इथल्या पैशांसाठीची, करून घ्यावी लागते. एनआरओच्या व्याजावर सेस (उपकर) धरून ३१.२ टक्के टीडीएस, अगदी पहिल्या रुपयापासून. तिमाहीला तेवढं कापलं गेलं, तर उरलेल्यावरच पुढचं व्याज चढतं आणि एक लाखाचे पाच वर्षांनी १,२७,००० च्या आसपास होतात. एकाच उत्पन्नावर दोनदा कर टाळणाऱ्या भारत-जर्मनी करारानुसार हा कर १० टक्क्यांवर येतो, मग तोच आकडा १,३६,७०० च्या घरात जातो. त्यासाठी तिथल्या फिनान्झआम्टकडून, म्हणजे कर कार्यालयाकडून, रहिवासाचा दाखला घेऊन बँकेला द्यायचा. कंटाळवाणं काम आहे, पण करा. जर्मनीतही हे व्याज दाखवावं लागतं. इथे भरलेला कर तिथल्या करातून वजा मिळतो.

तेव्हा चांगल्या दराची जुनी एफडी मोडू नका, एनआरओ करून चालू राहू द्या. मुदतीआधी मोडलीत तर बँक दंड लावते, शिवाय जितके दिवस ठेव राहिली त्या मुदतीचाच दर देते.

तिथल्या पगारातून वाचवाल ते मात्र एनआरई एफडीत, म्हणजे परदेशातल्या कमाईसाठीच्या अनिवासी ठेवीत, टाका. तिच्या व्याजावर भारतात कर नाही आणि पैसे केव्हाही परत नेता येतात. किमान मुदत एक वर्ष, त्याआधी मोडली तर व्याज शून्य. अर्थात हे सात टक्के रुपयांतले. पुढे घर तिकडेच घ्यायचं असेल, तर रुपया घसरला की त्यातले काही टक्के तिथेच जिरतात.

एका बँकेत मुद्दल-व्याज मिळून पाच लाखांपर्यंतच विमा असतो, त्याहून जास्त असेल तर दोन बँकांत विभागा. आणि इथला मोबाइल नंबर बंद करू नका, सगळे ओटीपी त्यावरच येतात.