दरडीतून वाचलेली मुलं वर्गात आली की

पहिले पंधरा दिवस पोर्शन विसर. आणि “काय झालं होतं रे?” असं खोदून विचारू नकोस. आपणहून सांगतील तेव्हा ऐक. अचानक पाठीवर हातही ठेवू नकोस, काही मुलं दचकतात.

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला, गणपती विसर्जनाची रात्र उलटताना. त्यानंतर माझ्या वर्गातला एक पोरगा रोज दाराशीच बसायचा, दप्तर पाठीवर तसंच. मी दोनदा त्याला आत बसवलं. चूक माझीच, त्याला बाहेर पळायची वाट दिसायला हवी होती. मग मीच खुर्ची दाराशी नेली. महिन्याभराने दप्तर खाली आलं.

परिपाठ, हजेरी, खिचडी मात्र ठरल्या वेळीच. पुढे काय होणार हे कळलं की पोरं सावरतात. ‘बिचारी’ हा शब्द स्टाफरूममध्येही नको (तिथेच जास्त चालतो). फळा पुसायला, झाडांना पाणी घालायला त्यांनाही लाव.

महिना उलटूनही झोप-जेवण ताळ्यावर नसेल तर पालकांशी बोल, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लाव, फुकट आहे.

पाऊस जोरात आला की खिडकीशी तू उभी राहा.