खाण निजामाची, कागद लंडनचा

तेलंगणातल्या येल्लंदूजवळच्या सिंगरेणीच्या कोळशाबद्दल आणि निजामाच्या रेल्वेबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी पाच या वेळी घेतले आहेत. मजकूर एकमेकांत गुंतलेला असल्याने क्रमाने वाचलेलं बरं.

प्रश्न : मी बल्लारपूरचा. आमच्याकडचा कोळसा आणि पलीकडे बेल्लमपल्ली, मंचेरियालचा कोळसा एकाच पट्ट्यातला म्हणतात. मग दोन्हींचा इतिहास इतका वेगळा कसा?

पट्टा एकच. वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीच्या खोऱ्यांतून आग्नेयेकडे उतरत गेलेले हे गोंडवन काळातले थर आहेत. एकट्या तेलंगणातच ते सुमारे ३५० किलोमीटर पसरलेत. वेगळी होती ती राजवट. वर्धा नदीच्या अलीकडे इंग्रजांचा चांदा, म्हणजे आजचा चंद्रपूर जिल्हा आणि पलीकडे निजाम. तुमच्या शेजारचं राजुराही तेव्हा हैदराबाद संस्थानात होतं.

इंग्रजांच्या बाजूला वरोऱ्याची खाण सरकारने स्वतः चालवली आणि वर्ध्याहून तिथवर लोहमार्गही टाकला. ती खाण १९०६ मध्ये बंद पडली. निजामाच्या बाजूला येल्लंदूजवळचा कोळसा भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या डॉ. विल्यम किंग यांना १८७१ मध्ये सापडला, पण पुढची पंधरा वर्षं तो जमिनीतच राहिला. भोवती कोया आदिवासींचं जंगल. बैलगाडीतून कोळसा वाहून तो मद्रासपर्यंत परवडणार कसा? रूळ येईपर्यंत त्या शोधाला नकाशावरच्या खुणेपलीकडे किंमत नव्हती.

आणखी एक फरक लक्षात घ्या. झरियासारख्या ठिकाणी जमिनीखालच्या हक्काचे धनी जमीनदार होते. त्यांनी तुकड्यातुकड्यांनी पट्टे दिले आणि शेजारी शेजारी खाणी खणल्या गेल्या. हैदराबादेत खनिजावर हक्क राज्याचा, म्हणजे एका सहीत सगळा मुलूख देता येत होता. ही सोय की धोका, ते तिसऱ्या उत्तरात दिसेल.

प्रश्न : निजामाची रेल्वे खरंच निजामाची होती का? पैसा कुणाचा होता?

पहिला टप्पा निजामाच्या पैशाचा. वाडीला जीआयपी, म्हणजे मुंबईकडून येणाऱ्या ‘ग्रेट इंडियन पेनिन्शुला’ रेल्वेला जोडणारा सिकंदराबादपर्यंतचा मार्ग १८७४ मध्ये सुरू झाला. त्याची निकड हैदराबादच्या व्यापाऱ्यांपेक्षा सिकंदराबादच्या छावणीला जास्त होती, असं माझं मत आहे. हा मार्ग काही राज्याला पैसे मिळवून देईना.

मग १८८३ मध्ये लंडनमध्ये कंपनी उभी राहिली, ‘निझाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे’. भांडवल तिथल्या भागधारकांचं, पण त्यावर वर्षाला ५ टक्के व्याजाची हमी निजाम सरकारची, २० वर्षांसाठी. रेल्वेची कमाई तेवढी झाली तर ठीक, नाहीतर तूट हैदराबादच्या खजिन्यातून भरायची. तोटा झाला तर रयतेचा, व्याज मात्र पक्कं, असा हा व्यवहार. तो ठरत होता तेव्हा निजाम महबूब अली खान अल्पवयीन होते आणि दिवाण सालारजंग पहिले फेब्रुवारी १८८३ मध्येच वारले होते. ‘अटी लोकांपुढे ठेवा’ अशी मागणी शहरात उठली. ती करणाऱ्यांत अघोरनाथ चट्टोपाध्याय होते, सरोजिनी नायडूंचे वडील. त्यांना संस्थानाबाहेर काढण्यात आलं. अटी विचारल्या एवढाच गुन्हा!

हे आंदोलन ‘चांदा रेल्वे’ प्रकरण म्हणून ओळखलं जातं, कारण योजनेत मार्ग चांद्यापर्यंत न्यायचा होता. प्रत्यक्षात रूळ पूर्वेकडे गेले. १८८६ मध्ये वरंगळ, १८८८ मध्ये डोर्नकलहून फाटा काढून येल्लंदू, आणि १८८९ मध्ये बेझवाडा, म्हणजे आजचं विजयवाडा. ज्या चांद्याच्या नावाने एवढा गदारोळ झाला, तिकडचा काझीपेठ-बल्लारशा मार्ग पुरा व्हायला १९२९ उजाडलं.

प्रश्न : सिंगरेणीचा ‘खाण घोटाळा’ नेमका काय होता?

रेल्वेच्या हमीतूनच तो समजून घ्यावा लागतो. खजिन्यावरचा बोजा कमी व्हायचा तर गाड्यांना माल हवा, आणि त्या भागात भरवशाचा जड माल एकच होता. त्यामुळे १८८६ मध्ये वॉटसन आणि स्टुअर्ट या दोन इंग्रजांना खाणकामाची सवलत दिली गेली तेव्हा ती राज्याच्या फायद्याची म्हणूनच मांडली गेली. सवलत एका खाणीची नव्हती, संस्थानातल्या खनिजांवरचा तो मक्ताच होता.

ती घेऊन या दोघांनी लंडनमध्ये ‘हैदराबाद (डेक्कन) कंपनी’ काढली. भांडवल कागदावर दहा लाख पौंड, म्हणजे दहा पौंडांचे एक लाख शेअर. त्यातले ८५ हजार सवलतदारांनी पूर्ण भरणा झालेले म्हणून स्वतःच्या नावे घेतले, ते सवलत कंपनीला दिल्याच्या मोबदल्यात. खाणीत घालायला रोख यायची ती उरलेल्या १५ हजारांतून. येल्लंदूच्या जंगलात धड खणायला सुरुवात व्हायच्या आत लंडनच्या बाजारात हे शेअर चढ्या भावाने फिरू लागले.

आता मधला माणूस पाहा. निजाम सरकारचे गृहसचिव अब्दुल हक, पदवी सरदार दिलेर जंग. रेल्वेच्या वाटाघाटीतही हेच होते. सरकारने कंपनीचे काही शेअर विकत घ्यायचं ठरवलं आणि खरेदी यांच्याकडे सोपवली. घेतलेले शेअर त्यांच्या स्वतःच्या वाट्याचे निघाले, तेही दर्शनी किमतीपेक्षा जास्त भावाने. १८८८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटची चौकशी समिती बसली आणि अब्दुल हक यांचं पद गेलं.

सगळं खापर त्यांच्यावर फोडणारी वर्णनं वाचताना मी जरा थांबतो. रेसिडेंटच्या, म्हणजे निजामाच्या दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीच्या नजरेआड हैदराबादेत असा व्यवहार होणं अवघड होतं, आणि युरोपीय पेढीने संस्थान नाडल्याचा धडा पामर कंपनीने १८२०च्या आसपासच दिला होता. शिवाय मुद्द्याची गोष्ट ही, की चौकशी झाली तरी मक्ता कंपनीकडेच राहिला. माणूस गेला, कागद राहिला.

प्रश्न : मी जालन्याचा. मराठवाड्यातल्या जिनिंग-प्रेसिंगना हा कोळसा मिळायचा का? इथे निजामाचंच राज्य होतं.

राज्य एक, पण रूळ दोन मापांचे. येल्लंदूचा फाटा, वाडी आणि बेझवाड्याचे मार्ग ब्रॉडगेज होते. मराठवाड्यातून जाणारा मनमाड-सिकंदराबाद मार्ग, म्हणजे हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे, १९००च्या सुमारास मीटरगेजवर झाला. त्यामुळे येल्लंदूचा कोळसा रेल्वेने तुमच्याकडे यायचा तर सिकंदराबादला एका वॅगनमधून दुसरीत टाकावा लागणार. मजुरी वेगळी, चुरा वेगळा, वेळ वेगळा. मनमाडच्या टोकालाही हीच अडचण.

उलट जीआयपी, मद्रास रेल्वे यांच्याशी ब्रॉडगेजने सलग जोड असल्याने सिंगरेणीचा कोळसा परमुलखातल्या इंजिनांपर्यंत सहज पोचायचा. बंगालचा कोळसा दक्षिणेला लांबून आणावा लागे, तिथे या खाणीला तयार गिऱ्हाईक मिळालं. १९०१च्या सुमारास वर्षाला चार लाख टनांच्या आसपास कोळसा निघत होता, आणि त्याचं मोठं गिऱ्हाईक खुद्द रेल्वेच. खाणीसाठी टाकलेल्या रुळांवरून खाणीचाच कोळसा जाळत गाड्या धावत होत्या, त्याचा लाभांश लंडनला जात होता. मराठवाड्याच्या वाट्याला हमीचा बोजा आला, कारण खजिना सगळ्या संस्थानाचा होता. मुलखाच्या विकासासाठी रेल्वे आली, असं म्हणणाऱ्यांना मी आधी गेजचा नकाशा बघायला सांगतो.

प्रश्न : चंद्रपूरच्या खाणी वेस्टर्न कोलफिल्ड्सकडे, मग सिंगरेणी कोल इंडियात का नाही?

कारण ती आधीच सरकारची झाली होती. २३ डिसेंबर १९२० रोजी ‘सिंगरेणी कोलियरीज कंपनी लिमिटेड’ स्थापन झाली आणि तिने लंडनच्या कंपनीची मालमत्ता व देणी घेतली. १९४५ मध्ये हैदराबाद सरकारने बहुसंख्य शेअर विकत घेतले. रेल्वे तर १९३०लाच निजाम सरकारने घेतली होती. १९५६ मध्ये हैदराबाद राज्याचे तुकडे झाले तेव्हा कंपनीचा ताबा आंध्र प्रदेशाकडे गेला, आता तेलंगणाकडे आहे. राज्याचा हिस्सा ५१ टक्के, केंद्राचा ४९. चंद्रपूरकडच्या खाणी खासगी मालकांच्या होत्या, म्हणून १९७३च्या राष्ट्रीयीकरणात सापडल्या. वेकोलि, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स, त्यानंतर, १९७५ मध्ये आली.