चोरीचा संशय आणि ‘स्वखुशीचा’ दाखला

प्रश्न : आम्ही फासेपारधी. मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीत आहे. सहलीचे पैसे गेले तेव्हा दप्तर फक्त त्याचंच तपासलं. काही सापडलं नाही. तरी गुरुजी भर वर्गात जातीचं नाव घेऊन ‘यांच्या घरात हेच शिकवतात’ म्हणाले. मागे दुसऱ्या एका मुलाकडे चोरीचा मोबाइल सापडला होता, त्याला समज देऊन सोडलं. आम्हाला मात्र दाखला काढून न्या म्हणतात, अर्जावर सही मागतात. काय करावं?

उत्तर : दादा, सही करू नका. बाकीचं सगळं नंतर.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १६ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. चोरी सिद्ध झाली तरी नाही. म्हणूनच शाळा ‘काढलं’ असा कागद करत नाही, पालकाकडूनच ‘स्वखुशीने दाखला नेत आहे’ असं लिहून घेते. घरात कुणी आधीच अंगठा दिला असेल, तर तो दबावाखाली घेतला असं आजच लेखी कळवा आणि पोच घ्या.

तक्रार कलम ३२ खाली जिल्हा परिषदेकडे करा, प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील. मानसिक छळाला बंदी घालणारं कलम १७ही लिहा. मोबाइलची गोष्ट तारखेसह घाला, भेदभाव तिथेच दिसतो. या तक्रारीला जातीचा दाखला लागत नाही.

अ‍ॅट्रॉसिटीचं विचाराल तर जातीवरून अपमान लोकांसमोर झालेला असावा लागतो. बंद खोलीत दोघांत बोललेलं सहसा टिकत नाही. तुमच्या बाबतीत पूर्ण वर्ग हजर होता, म्हणजे बाजू बरी आहे. पण इथे जातीचा दाखला लागेल आणि वर्गातल्या मुलांच्या आई-बापांना साक्षीला तयार करणं सोपं नसतं. आधी मुलाची जागा पक्की करा, असं माझं मत.

पारध्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला. त्या गुरुजींचा तेव्हा बहुधा जन्मही झाला नसेल, तरी दप्तर कुणाचं उघडायचं हे त्यांना न शोधताच कळलं.

मुलाला रोज शाळेत पाठवा. तो घरी बसला की ‘गैरहजर’ हेच कारण पुढे येईल. फाटकात अडवलं, तर कुणी, किती वाजता, हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.